पादचारी पुलाला गाडीची धडक बसल्यावर: पूल पुन्हा उघडण्याआधी काय तपासायचं

कोल्हापूरभोवती पादचारी पुलाला धडक बसण्याची कारणं ठरलेली आहेत. खडी ओतून निघालेल्या डंपरचा हौदा वर राहतो आणि चालकाच्या लक्षात येत नाही. लो-बेड ट्रेलरवर चढवलेल्या पोकलेनची बूम पुरती मिटलेली नसते. गाळप हंगामात उसाच्या ट्रॉलीवर मोळ्यांचे दोन थर जास्तीचे रचलेले असतात. मिरवणुकीच्या दिवसांत ट्रॅक्टरवर उभारलेला सांगाडा किंवा उंच मूर्ती असते. सर्वसाधारण मालवाहू गाडीला नियमाने ४ मीटर उंचीची मुभा आहे आणि शहरी भागात पुलाखाली ५.५ मीटर मोकळी उंची ठेवायची असते. म्हणजे नियमातली गाडी पुलाला लागायलाच नको. पण हौदा उभा राहिलेला डंपर सहज सहा मीटरच्या आसपास जातो.

गाडी निघते, पूल उभाच दिसतो, आणि तासाभरात लोक परत त्यावरून चालायला लागतात. घोळ होतो तो इथेच. धडक बसली त्या जागी पत्रा चेपलेला दिसतो, रंग उडालेला दिसतो, आणि सगळ्यांची नजर तिथेच अडकते. खरा धोका बऱ्याचदा तिथून दहा-पंधरा मीटरवर, गाळ्याच्या, म्हणजे दोन खांबांमधल्या पुलाच्या भागाच्या, टोकाला असतो: गाळा ज्यावर टेकतो त्या बेअरिंगपाशी आणि खांब पायाला जखडणाऱ्या फाउंडेशन बोल्टपाशी.

त्याचं कारण समजून घेतलं तर पुढची तपासणी आपोआप सुचते. पादचारी पूल वजनाने हलका असतो. तीस मीटरचा पोलादी गाळा साधारण वीस टनांचा धरा. तो माणसांचं खाली येणारं वजन पेलायला बांधलेला असतो, आडव्या धक्क्यासाठी नव्हे. बेअरिंगवर घर्षणगुणांक ०.३ धरला तरी केवळ वजनाच्या जोरावर हा गाळा जेमतेम सहा टनांचा आडवा जोर थोपवतो. बाकी सगळा भार बोल्ट आणि आडव्या अटकावांवर येतो. पुलाच्या खांबांसाठी आयआरसी:६ मध्ये, म्हणजे पुलांवरच्या भारांच्या भारतीय संहितेत, वाहनाच्या धडकेचा जोर रस्त्याच्या दिशेने १००० किलोन्यूटन, म्हणजे सुमारे शंभर टन, आणि रस्त्याला काटकोनात त्याच्या निम्मा धरायला सांगितला आहे. शंभर टन कुठे आणि सहा टन कुठे! म्हणून गाळ्याला खालून धडक बसली की तो आधी बाजूला सरकतो, मग वाकतो.

पहिला तास

आधी वरची वाट बंद करा, मग खालची. दोन्ही जिन्यांच्या तोंडाशी माणूस उभा करा आणि अडथळा आडवा बांधा. नुसता फलक पुरत नाही. १५ जून २०२५ रोजी मावळात कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा लोखंडी पूल पर्यटकांच्या गर्दीखाली कोसळला, तेव्हा तो धोकादायक आहे हे आधीच माहीत होतं, तरी लोक वर गेले. पूल धोक्याचा आहे असं लिहिणं वेगळं आणि माणूस वर जाऊ न देणं वेगळं.

खालच्या रस्त्याची वाहतूकही थांबवा, निदान धडक बसलेल्या गाळ्याखालची. २७ ऑगस्ट २०१६ ला इंग्लंडात केंटमधल्या एम-२० मोटरवेवर ट्रेलरवरचं खोदकाम यंत्र पादचारी पुलाला लागलं आणि पुलाचा भाग थेट चालत्या रस्त्यावर पडला. तिथे एक मोटरसायकलस्वार जखमी झाला. पुलाखालून जाणारी गाडी हीसुद्धा पुलावरच्या माणसाइतकीच धोक्यात असते.

पुणे-बंगळूर महामार्गावर असाल तर १०३३, पोलिसांसाठी ११२. शहरातल्या रस्त्यावर महापालिकेचा शहर अभियंता विभाग, जिल्हा मार्गावर सार्वजनिक बांधकाम विभाग, आणि पूल रुळांवरून जात असेल तर आधी स्टेशन मास्तर. पुलाला बांधलेल्या पथदिव्यांच्या, जाहिरात फलकांच्या आणि केबलच्या तारा तुटल्या असतील तर वीज बंद झाल्याची खात्री होईपर्यंत पुलाच्या कठड्याला हात लावू नका. सगळा पूल लोखंडी असतो, एका वायरचं आवरण सोललं तरी जिन्याची रेलिंग जिवंत होते.

आता अडकलेली गाडी. हिच्याबाबत घाई सगळ्यात महाग पडते. क्रेनवाला येतो, टायरची हवा सोडतो, हौदा खाली घेतो आणि गाडी ओढतो. वाहतूक लवकर सुटते हे खरं. पण गाडी गाळ्याखाली अडकून बसली असेल तर त्या क्षणी गाळ्याचं काही वजन गाडीवरच असू शकतं. हवा सोडली की आधार गेला. म्हणून आधी टोकांकडे बघा: गाळा बेअरिंगवर पूर्ण बसलेला आहे का, कुठे उचललाय का, सरकलाय का. टोक सरकलं असेल तर अगोदर गाळ्याला टेकू द्या, मगच हौदा खाली घ्या किंवा हवा सोडा. गाडी काढताना कोणीही पुलावर किंवा पुलाखाली थांबू नये, क्रेनचा मदतनीससुद्धा.

पंचनामा होईपर्यंत तुटलेले तुकडे उचलू नका. प्रत्येक तुकड्याचा, टायरच्या खुणांचा आणि गाडीच्या उंचीचा टेप धरून फोटो घ्या. थर्ड पार्टी विम्यात मालमत्तेच्या नुकसानीची मर्यादा साधारण साडेसात लाखांची असते आणि गाळा बदलायचा झाला तर खर्च त्याच्या कितीतरी पुढे जातो. पुढे वसुलीचा प्रश्न येतोच, तेव्हा हेच फोटो कामी येतात.

टोकांकडून मध्याकडे

तपासणी धडकेच्या जागेपासून सुरू करू नका. दोन्ही टोकांपासून सुरू करून धडकेकडे या. सामान फार लागत नाही: पाच मीटरची टेप, नायलॉनची दोरी, ओळंबा, एक मीटरची सरळ पट्टी, फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या), तारेचा ब्रश, खडू, बॅटरी आणि वर पोचायला उंच शिडी नव्हे तर मचाण किंवा बूम लिफ्ट. खाली उभं राहून दुर्बिणीने केलेली तपासणी मोजू नका.

बेअरिंगपाशी गाळ्याची जागा मोजा. जुन्या रंगाची कड, धुळीची रेघ, गंजाचा ठसा, यांवरून गाळा मूळ कुठे होता हे कळतं. ती रेघ आणि आताची कड यांतलं अंतर म्हणजे सरकलेला गाळा. चारही कोपऱ्यांची मोजणी घ्या, कारण गाळा नुसता सरकत नाही, फिरतोही. एका टोकाला एका दिशेने ३० मिलिमीटर आणि दुसऱ्या टोकाला उलट दिशेने १० अशी नोंद मिळाली तर नवल नाही. रबरी बेअरिंग तिरपं झालंय का, त्याची कड फाटलीय का, त्याखालच्या काँक्रीटचा कोपरा फुटलाय का, हेही बघा.

मग बोल्ट. हा भाग जवळून बघण्यासारखा आहे. घट्ट बसलेल्या बोल्टाच्या वॉशरभोवती रंगाचा थर अखंड असतो. सांधा सरकला असेल तर वॉशरच्या एका कडेला चंद्रकोरीच्या आकाराची चकाकती रेघ दिसते: रंग सोलला गेलेला, खालची ताजी धातू उघडी. ही रेघ दोन दिवसांत गंजून तांबूस होते, म्हणून पहिल्याच दिवशी टिपून ठेवा. बोल्ट जागेवर दिसतो, नट हाताला घट्ट लागतो, तरी आतून तो कातरला गेलेला असू शकतो. हातोडीने हलकेच वाजवा: चांगल्या बोल्टाचा आवाज खणखणीत येतो, तुटलेल्याचा भदभद. संशय आला की बोल्ट काढूनच बघायचा. एकदा पूर्ण ताण देऊन आवळलेला १०.९ ग्रेडचा बोल्ट सैल झाला तर परत आवळून वापरू नका, नवा घाला.

खांबाला धडक बसली असेल तर बेस प्लेटच्या, म्हणजे खांबाच्या तळाच्या पोलादी पाटाच्या, चारही कडांखालचं ग्राउट (भरलेला सिमेंटचा मसाला) बघा. धडकेच्या बाजूचं ग्राउट उचललेलं आणि विरुद्ध बाजूचं चिरडलेलं असेल तर फाउंडेशन बोल्ट ताणले गेले आहेत. ओळंबा दोन काटकोनी बाजूंनी सोडा आणि तीन मीटरमध्ये किती मिलिमीटर कल आहे ते लिहा. जिन्याच्या मधल्या लँडिंगचा खांब रस्त्याला सगळ्यात जवळ असतो आणि तपासणीत हमखास राहून जातो. पोकळ पाइपाचा खांब चेपला असेल तर चेपाची खोली आणि लांबी दोन्ही मोजा. पाइपाची भिंत पातळ असल्याने नुसती गोलाई बिघडली तरी खांबाची दाबाखालची ताकद घटते.

आता गाळा. बहुतेक पोलादी पादचारी पुलांत दोन बाजूंना ट्रस असतो, म्हणजे वरची-खालची आडवी कॉर्ड आणि त्यांना जोडणारे तिरपे हात यांची जाळी. धडक खालून बसते म्हणजे बॉटम कॉर्डला, खालच्या कॉर्डला, बसते, आणि फक्त दोन टोकांवर टेकलेल्या गाळ्यात हाच भाग ताणात असतो. ताणातला भाग वाकला तर काय होतं, ते एका हिशोबात बघा. १०० बाय १०० बाय ६ मिलिमीटरची चौकोनी नळी घ्या, काटछेद सुमारे २१.५ चौरस सेंटिमीटर. तिच्यात २०० किलोन्यूटन ताण असेल तर प्रत्येक चौरस मिलिमीटरवर साधारण ९३ न्यूटन येतात. चांगलं आहे, साध्या पोलादाची हद्द २५० आहे. आता नळी मध्यावर ४० मिलिमीटर बाजूला झुकली असं समजा. तोच ताण आता वाकवण्याचा जोरही निर्माण करतो, ८ किलोन्यूटन-मीटर, आणि त्याने आणखी सुमारे १३० न्यूटनांची भर पडते. एकूण २२० च्या पुढे. सांध्यांजवळ नळी सलग असल्याने प्रत्यक्षात यातलं काही कमी होतं, पण पुलावर गर्दी नसताना ही स्थिती असेल तर गर्दीसाठी शिल्लक काही राहत नाही.

मोजायचं असं: पॅनेलच्या (ट्रसच्या लगतच्या दोन सांध्यांमधल्या भागाच्या) दोन सांध्यांमध्ये दोरी ताणा, सांध्यांपाशी सारख्या जाडीच्या दोन चकत्या ठेवून दोरी पृष्ठभागापासून सुटी ठेवा, आणि मध्यावरचं अंतर मोजून चकतीची जाडी वजा करा. उभ्या आणि आडव्या, दोन्ही दिशांनी. बांधकामाच्या वेळी सरळपणाची सूट लांबीच्या हजारावा भाग, म्हणजे दोन मीटरच्या पॅनेलला दोन मिलिमीटर. वरची कॉर्ड आणि दाबातले तिरपे हात यांना तर हीच मर्यादा लावा, कारण दाबातला भाग थोडा झुकला की तो झुकतच जातो.

भेगा शोधताना वेल्डिंगच्या कडेवर लक्ष द्या. गसेट प्लेटच्या (सांध्यावर हात जोडणाऱ्या पट्टीच्या) टोकाला, जिथे वेल्डिंग संपतं तिथे, रंगात केसाएवढी सरळ रेघ आणि तिच्यातून ओघळलेला गंजाचा पातळ पट्टा दिसला तर तिथे भेग आहे असंच धरा. खात्री डाय पेनिट्रंटने, म्हणजे भेगेत शिरणाऱ्या रंगीत द्रवाने, करा. कोल्हापुरात याला अडचण नाही. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्यांच्या कामात कास्टिंग तपासायला ही चाचणी रोजची आहे, तिथला माहीतगार माणूस बोलवता येतो. रंग केमिकलने किंवा हलक्या हाताने काढा, ग्राइंडर दाबून फिरवला तर धातू पसरून भेगेचं तोंड बुजतं. पुसून, वाळवून लाल द्रव मारा, दहा-पंधरा मिनिटं राहू द्या. मग क्लीनर फडक्यावर घेऊन पुसा, थेट भेगेवर फवारू नका, नाहीतर भेगेतला द्रवही धुतला जातो. पांढरा डेव्हलपर पातळ मारा आणि दहा मिनिटं थांबा. एप्रिल-मेमध्ये दुपारी उन्हातलं पोलाद ५० अंशांच्या वर जातं आणि द्रव वाळून जातो, म्हणून हे काम सकाळी उरका. भेगेची दोन्ही टोकं खडूने खुणावून शेजारी तारीख लिहा.

काँक्रीटचा पूल असेल तर वेगळं बघायचं. साध्या आरसीसीत कव्हर (सळईवरचा काँक्रीटचा थर) निघून सळई उघडी पडणं हे दुरुस्त होण्यासारखं असतं, सळई वाकली किंवा तुटली नसेल तर. प्रीस्ट्रेस गर्डरच्या (ताणलेल्या केबलने आवळलेल्या काँक्रीट तुळईच्या) खालच्या पट्टीत मात्र केबलच्या तारा ताणलेल्या असतात, १२.७ मिलिमीटरची एकेक स्ट्रँड (तारांचा पीळ) तुटायला सुमारे १८४ किलोन्यूटन लागतात. तिथे हातोडीने सैल काँक्रीट पाडायला जाऊ नका. तुटलेल्या स्ट्रँड मोजा, फोटो घ्या, आणि डिझायनर येईपर्यंत दोन्ही वाटा बंद ठेवा.

टेकू

टेकू नेहमी ट्रसच्या सांध्याखाली, जिथे तिरपे हात आणि कॉर्ड एकत्र येतात तिथे. दोन सांध्यांच्या मध्ये कॉर्डखाली प्रॉप (टेकूचा खांब) लावला तर कॉर्ड वर वाकते आणि धडकेने न झालेलं नुकसान टेकूने होतं. प्रॉपखाली डांबरावर थेट प्लेट ठेवू नका, उन्हाळ्यात ती बुडते. खाली जाड लाकडी ओंडके किंवा आय सेक्शन आडवे टाका. जॅक गाळा उचलण्यासाठी नाही, फक्त घट्ट टेकण्यासाठी आहे. किती उचलायचं हे गणित करणारा इंजिनिअर सांगेल. आणि टेकूभोवती काँक्रीटचे बॅरियर लावा. टेकूला दुसरी गाडी लागली तर सगळंच गेलं.

सरळ करायचं की बदलायचं

वाकलेला भाग घण मारून किंवा पोकलेनला साखळी बांधून ओढून सरळ करायची पद्धत सर्रास दिसते. दिसायला काम छान होतं. पण थंड पोलाद आधी एकदा वाकताना आणि मग परत सरळ होताना आपली ताणण्याची ताकद खर्च करतं आणि वेल्डिंगच्या कडेला बारीक भेगा सोडतं. त्या रंगाखाली लपतात आणि वर्षा-दोन वर्षांनी दिसतात.

सरळ करण्याजोगं आहे का, याचा अंदाज साध्या पट्टीने येतो. वाकावर ३०० मिलिमीटर लांबीची पट्टी टेका आणि मध्यावर फट मोजा. फट १० मिलिमीटर असेल तर वाकाची त्रिज्या, ३०० चा वर्ग भागिले ८ गुणिले फट, म्हणजे ८०, येते ११२५ मिलिमीटर. १०० मिलिमीटर रुंदीच्या भागाची बाहेरची कड यात साधारण साडेचार टक्के ताणली गेली. पोलाद ०.१२५ टक्क्याला आपली लवचीक हद्द ओलांडतं, म्हणजे ही कड हद्दीच्या ३५ पट पुढे गेली. अमेरिकेतल्या पूल-दुरुस्तीच्या मार्गदर्शनात साध्या पोलादाला १०० पटीपर्यंत उष्णतेने सरळ करायला मान्यता आहे. त्यापुढे, किंवा भेग सापडली, किंवा जुना गंज आत शिरलेला असेल, तर तेवढा भाग कापून नवाच घाला.

उष्णतेने सरळ करताना रंग आणि गॅल्व्हनायझिंग आधी दीडशे मिलिमीटरपर्यंत काढा, जस्ताचा धूर फुप्फुसाला वाईट. टॉर्च व्ही आकारात, टोकाकडून रुंद बाजूकडे, एकाच ओघात फिरवा. तापमान ६५० अंश सेल्सिअसच्या वर जाऊ द्यायचं नाही. पोलाद नुकतंच मंद लाल दिसू लागलं की बस. तापमानाचा खडू (ठरावीक तापमानाला वितळणारा) वापरा, डोळ्यावर विसंबू नका, कारण भर उन्हात लाली दिसतच नाही. ३१५ अंशांखाली उतरेपर्यंत पाणी मारू नका. एका फेरीत थोडंच सरळ होतं, पूर्ण थंड झाल्यावर पुढची फेरी. घाई करून जास्त तापवलं की पोलादाचा गुणच बदलतो. एकाच जागी हा उपचार दोनदा झाला असेल तर तिसऱ्यांदा करू नका.

कॉर्डचा तुकडा बदलायचा असेल तर टेकूंवर गाळ्याचं वजन उतरल्याशिवाय कापायला हात घालू नका. ताणातली कॉर्ड गॅसकटरने कापली की ती फाकते आणि गाळा खाली बसतो. नव्या तुकड्याचे बोल्टचे छेद ड्रिलने पाडा, गॅसने नव्हे. नळीला खालच्या बाजूला पाणी निघायला छेद ठेवा. कोल्हापूरच्या पावसात बंद नळीत साठलेलं पाणी आतून खाऊन टाकतं आणि बाहेर रंग चकचकीत राहतो.

उघडण्यापूर्वी

दुरुस्तीनंतर भार चाचणी घ्या. गर्दीच्या ठिकाणी चौरस मीटरला ५०० किलो हा भार धरला जातो. अडीच मीटर रुंद आणि तीस मीटर लांब गाळ्याला ३७.५ टन, म्हणजे ५० किलोच्या वाळूच्या ७५० पिशव्या. पावसाळ्यात वाळू भिजून जड होते, त्यापेक्षा २०० लिटरचे पाण्याचे ड्रम बरे, पाण्याचं वजन फसवत नाही. भार चार टप्प्यांत चढवा, दर टप्प्याला मध्यावरची झुकण आणि टोकांच्या सरकण्याची नोंद घ्या, पूर्ण भार २४ तास ठेवा, उतरवल्यावर आणखी २४ तासांनी परत मोजा. आरसीसी गाळा किमान ७५ टक्के आणि प्रीस्ट्रेस ८५ टक्के परत यायला हवा; पोलादी गाळा जवळपास पूर्ण परत यावा. न आला तर कुठेतरी सांधा सरकतोय. चाचणीभर खालची वाहतूक बंद, म्हणून पोलिसांशी वेळ आधीच ठरवा. जोतिबाच्या चैत्र यात्रेच्या आठवड्यात ही तारीख घेऊ नका.

उंचीचा फलक

धडक एकदा बसलेल्या पुलाखालची मोकळी उंची नव्याने मोजा, लेव्हलिंग स्टाफ (उंची मोजायची खुणांची काठी) धरून, प्रत्येक लेनच्या दोन्ही कडांना आणि मध्यावर. रस्त्याला अडीच टक्के उतार असेल तर सात मीटरात १७५ मिलिमीटरचा फरक पडतो, त्यामुळे मध्यावरचं एकच माप उपयोगाचं नाही. सगळ्यात कमी आलेलं माप धरा आणि फलकावर त्याहून १०० मिलिमीटर कमी लिहा.

डांबराचा प्रत्येक नवा थर उंची खातो. ४०-५० मिलिमीटरचे तीन थर पडले की कागदावरचे ५.५ मीटर प्रत्यक्षात ५.३५ झालेले असतात. सातारा-कागल सहापदरीकरणासारख्या कामात सर्व्हिस रोडची पातळी टप्प्याटप्प्याने बदलते, तिथे कार्पेटिंगच्या दुसऱ्याच दिवशी माप घ्यायचं काम ठेकेदाराच्या यादीत लिहून घ्या. पुलाच्या आधी शंभरेक मीटरवर, वळण्याची सोय असेल अशा जागी, पुलापेक्षा थोडी कमी उंचीची कमान आणि तिला लोंबत्या साखळ्या लावा, म्हणजे हौद्याला किंवा उसाला आधी साखळी लागून आवाज होतो. ही कमान पुलाला लागून उभारली तर ब्रेक मारायला वेळच उरत नाही.